आवाजाची वेगळी रांग

बसवायचे होते फोन, पलंग नव्हे. हे वाक्य विसालने त्या दिवसांत इतक्यांना ऐकवलं की शेवटी शेवटी ती जूदीला खिमट भरवतानाही तेच पुटपुटायला लागली. जूदी दहा महिन्यांची. तिला ते पटायचं. बाकी इजिप्तमधल्या या दुम्यातमध्ये ते कुणाला पटलं नाही. या गावात जगाचे दोनच भाग आहेत: एक लाकडाचा, आणि दुसरा लाकडाचा नाही म्हणून दुय्यम.

हाजी मितवल्लींची पेढी म्हणजे नवऱ्या मुलींच्या पलंग-आरशांचं माहेरघर. कचेरीत टेबलं भरपूर आणि फोन एक, तोही हाजींच्या हाताशी. ज्याला गिऱ्हाइकाशी बोलायचं त्याने हाजींसमोर उभं राहून बोलायचं. बोलणं लांबलं की हाजी जपमाळेचे मणी जरा जोरात ओढायचे. विसाल ऑर्डरी घ्यायची. म्हणजे दिवसातला अर्धा वेळ ती हाजींसमोर शाळेतल्यासारखी उभी असायची.

त्या दिवशी मात्र ती राजीनामा द्यायला उभी होती. जूदीला सांभाळणाऱ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नवरा बंदरावर पाळीने कामाला. पोरीला उचलून घेणारं घरात कुणी उरणार नव्हतं.

"राजीनामा कशाला?" हाजी म्हणाले. "पोरीला घेऊन ये इथं."

"हाजी, परवा आणली होती तर तिने गिऱ्हाइकाच्या पावतीचा तुकडा खाल्ला."

"मग?"

मग विसालने ते सांगितलं जे तिने जूदीला पाजता पाजता मोबाइलवर बघून ठेवलं होतं. इंटरनेटवर चालणारे फोन मिळतात. प्रत्येकाच्या टेबलावर एक ठेवता येतो. आणि एक फोन तिने घरी नेऊन घरच्या इंटरनेटला लावला, तर नंबर कचेरीचाच राहील, पण वाजेल तिच्या स्वयंपाकघरात. गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही.

"आणि बिल?"

"आपल्या आपल्यात बोललं तर फुकट. कैरोच्या दुकानाशीसुद्धा."

दुम्यातकरांना कंजूष म्हणून सगळा देश चिडवतो. हाजी ते मनाला लावून घेत नाहीत, ते त्याला वारसा समजतात. 'फुकट' ऐकल्यावर जपमाळ थांबली.

"बसव," ते म्हणाले. "पण ऐक. आधी इथं नीट चालले पाहिजेत. मी शौकीशी स्वच्छ, खणखणीत बोललो की तू तुझा फोन उचलून घरी जायचं. नाही जमलं, तर पोरी, मला दुसरी मुलगी बघावी लागेल. मला वाईट वाटेल, पण बघावी लागेल." शौकी म्हणजे हाजींचा जावई, कैरोचं दुकान तोच चालवायचा.

"इंजिनीअर बोलावू या का?"

"कशाला? तू आहेस ना! प्रिंटर कुणी दुरुस्त केला होता?"

प्रिंटरमध्ये अडकलेली टाचणी विसालने चिमट्याने काढली होती. तेवढ्या भांडवलावर ती त्या दिवसापासून इमारतीत 'इंजिनीअरबाई' झाली.

केबल ओढायला घेतली आणि लग्नघरात जमावी तशी सल्लागारांची गर्दी जमली. समोरचे दातांचे डॉक्टर नस्सार पेशंट अर्धवट सोडून, हातमोजे तसेच ठेवून, दारात उभे राहायचे. "केबल म्हणजे नस समज," ते म्हणायचे. "दुखते कुठे आणि कीड असते कुठे. मुळाशी जा." तिकडे खुर्चीवर आ वासून पडलेला पेशंट छताकडे बघत राहायचा. वरच्या मजल्यावर लग्नाचे झगे शिवणाऱ्या मादाम इन्साफ गळ्यात टेप अडकवून खाली यायच्या आणि केबलीकडे डोळे बारीक करून बघायच्या.

"अगं, अशी मापात काय कापतेस? चार बोटं माया सोड! उद्या टेबल सरकलं तर उसवायची कुठून?"

टेबल दुसऱ्याच दिवशी सरकलं. तेवढी एकच केबल पुरली, जिला मादाम इन्साफ यांच्या सांगण्यावरून माया सोडली होती. बाकीच्या विसालने मुकाट्याने पुन्हा ओढल्या.

सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो स्विच, म्हणजे एक साधी काळी चपटी पेटी, तिने भिंतीवर खिळ्याला टांगला. हाजींनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे असं उघडं? मितवल्लींच्या कचेरीत? लोक काय म्हणतील?"

"हाजी, तो पलंग नाही."

"म्हणून काय नागडा ठेवायचा?"

दोन दिवसांत कारखान्यातून कपाट आलं. अस्सल बीच झाडाचं लाकूड, कोपऱ्यांवर द्राक्षाचे घोस, वर मुकुट, सगळ्याला सोनेरी वर्ख, आणि आतून गुलाबी मखमल. अंगठीच्या डबीत बसवावा तसा स्विच आत बसला. दाराला कुलूप. हाजी मागे सरकले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आता कसा खानदानी वाटतो."

खानदानी स्विच रोज दुपारच्या अजानच्या सुमारास मूर्च्छा येऊन पडू लागला. सगळे फोन एकदम काळे. सकाळी ठणठणीत, दुपारी गतप्राण. डॉक्टर नस्सारांनी निदान केलं की याला जेवणानंतरची सुस्ती येते. विसाल तीन दिवस एकेक केबल काढून घालत बसली. चौथ्या दिवशी तिने कपाटाला सहज हात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आत मखमलीत लपेटलेला स्विच घामाघूम नव्हता झाला, एवढंच; त्याला घाम येत नाही म्हणून. त्याच स्विचमधून फोनांना वीज जाते, तो तापतो, त्याला वारा लागतो, हे हाजींना सांगायचं कसं? कपाट काढा म्हणणं म्हणजे त्यांच्या घराण्यावर बोट ठेवणं.

"हाजी," ती म्हणाली, "कपाट फार सुंदर आहे. पण आतलं कुणाला दिसतच नाही. याला जाळीचं काम केलं तर?"

हाजींचे डोळे चमकले. कारागीर आले, दारं आणि बाजू जुन्या खिडक्यांसारख्या बारीक नक्षीच्या जाळीने भरून गेल्या. मखमल "जाळीतून डोळ्यांना बोचते" या कारणाने निघाली. स्विच गार झाला. कपाट बघून एका गिऱ्हाइकाने तसंच मागितलं, त्यात ठेवायला त्याच्याकडे काहीही नव्हतं तरी.

मग इंटरनेटच्या जोडणीचा वेग वाढवून घ्यावा म्हणून विसाल टेलिफोनच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईंनी चहाचा घोट घेतला आणि स्क्रीनवर बघितलं.

"लाइन थोरल्या मितवल्लींच्या, हाजींच्या वडिलांच्या नावावर आहे. त्यांना यायला सांगा."

"ते वारले. मी शाळेत होते तेव्हाच."

"देव त्यांच्यावर दया करो. मग त्यांच्या सगळ्या वारसांना यायला सांगा. एकदम."

विसालने परत येऊन निरोप दिला. वारसांमध्ये हाजींच्या दोन बहिणी होत्या. त्या एका शिसवी आरशावरून गेली कित्येक वर्षं एकमेकींच्या लग्नाकार्यालाही गेल्या नव्हत्या.

"इंटरनेटसाठी मी फातेन आणि करीमाला एका खोलीत बसवू?" हाजी म्हणाले. "त्यापेक्षा मी कबुतरं पाळीन."

तेव्हा जी जोडणी होती तीच. सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख तोंडावर आली होती. विसालने सगळे फोन लावले. या टेबलावरून त्या टेबलावर "हॅलो, एक दोन तीन" केलं, आवाज शेजारी बसल्यासारखा. एक फोन कैरोला पाठवला होता, तो शौकीने लावला. कचेरी सुटायच्या वेळी, इमारत रिकामी होत असताना, तिथेही "एक दोन तीन" करून झालं. छान. परीक्षेचा दिवस ठरला, भर सकाळचा.

हाजींनी नवं जाकीट घालणाऱ्या माणसासारखे खांदे सरळ केले आणि रिसीव्हर उचलला. स्पीकर चालू. दारात नस्सार, जिन्यात मादाम इन्साफ.

"सकाळ मंगल, शौकी बेटा!"

शांतता. अगदी एवढीशी, पापणी लवावी तेवढी. हाजींना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "सकाळ मं–" आणि नेमकं तेव्हाच तिकडून आलं, "सकाळ सोन्याची, मा–" दोघंही थांबले. दोघांनीही वाट बघितली. दोघंही एकदम म्हणाले, "कसे आहात?" दोघंही थांबले.

आपल्याकडची विचारपूस काही "एक दोन तीन" नसते. तिकडून 'कसे आहात' संपायच्या आत इकडून 'देवाची कृपा' सुरू व्हावं लागतं, त्यावर तिकडून 'आणि घरचे' चढावं लागतं. दोन सुया एकाच स्वेटरवर चालाव्यात तसं ते विणलं जातं. मध्ये जागा राहिली की टाका सुटतो. इथे तर सगळे टाकेच सुटत होते.

"तुझी आई कशी आहे?" हाजींनी शेवटी मोठ्याने विचारलं.

शांतता.

"...छान आहे, देवाची कृपा."

हाजींच्या भुवया वर गेल्या. "दुकान?"

शांतता.

"...चांगलं चाललंय."

"आणि आमची लेक? सुखात आहे ना?"

शांतता. त्या शांततेत जिन्यातल्या मादाम इन्साफ यांनीही छातीवर हात ठेवला.

"...हो, आहे की."

हाजींनी फोन ठेवला. चेहरा पांढरा.

"विचार करून सांगतो," ते हळूच म्हणाले. "आईची तब्येत विचारली तर विचार करून सांगतो. लेकीचं विचारलं तरी विचार करून! काहीतरी लपवतोय, विसाल. दुकान बुडालंय किंवा पोरीला छळतोय."

"हाजी, तो उशीर फोनचा–"

"फोन उशीर करतो? माणूस उशीर करतो!"

संध्याकाळपर्यंत कैरोहून लेकीचा रडत मोबाइलवर फोन आला: बाबांनी शौकीशी असं तोडून का बोलावं, त्यांनी विचारलेल्या प्रत्येक कुशलावर बाबा गप्प का बसत होते, यांना जेवण गेलं नाही. हाजींनी हुकूम दिला की उद्या संध्याकाळपर्यंत हे सैतानी डबे खोक्यात भरायचे. हाजींच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, नोकरीसाठी आलेल्या कुणा मुलीचा फोटो लावलेला अर्ज तिला दिसला.

घरी सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर जूदी. "झालं का गं तुझं ते?" विसालने नकारार्थी मान हलवली. "मग मी पुढे ढकलते ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "गुडघा माझाच आहे, तो पळून नाही जात." आणि उठताना त्यांनी ओठ असा आवळला की विसालला दुसरीकडे बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती चिडूनच कचेरीत शिरली. केबली ठीक, स्विच गार, फोन ठीक. मुळाशी जा, दातांचे डॉक्टर सांगतच होते. तिने मुळाशी जाऊन राउटरचं बटण बंद केलं. फक्त मिनिटभर, काय होतं ते बघू म्हणून.

जे झालं ते दुम्यातने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. खालच्या चहाच्या दुकानातून एकाच वेळी वीस गळ्यांतून आरोळी उठली, कारण कालची मॅच पुन्हा बघताना नेमका पेनल्टीला चेंडू हवेत लटकला होता. नस्सारांच्या दारातून गाल सुजलेले पेशंट मोबाइल उंच धरून बाहेर आले. आणि वरच्या जिन्यातून काळीज फाटल्यासारखी हाक आली, "विसाल! अगं, माझं बाळ गेलं!"

विसालने धडपडत बटण चालू केलं आणि ती हाजींकडे वळली. हाजी छताकडे बघत होते.

"हाजी, आपला पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"शेजाऱ्यांकडे," हाजी म्हणाले. "आपल्याकडे मिठाई आली तर ताट जातं ना वर-खाली? मग ही तर न संपणारी मिठाई. चहावाल्याने मागितला, नाही कसं म्हणू? नस्सारांचे पेशंट ताटकळतात. शेजारधर्म आहे."

म्हणजे असं, की शौकीच्या आईची खुशाली अर्ध्या इमारतीच्या मॅचा, गाणी आणि सिरियलींच्या मागे रांगेत उभी होती. उपाय एका बोटाचा होता: पासवर्ड बदलायचा. "तो बदलला तर मी या जिन्यात तोंड कसं दाखवू?" हाजी म्हणाले. पण तेही फार जोरात म्हणाले नाहीत. लेकीचं रडणं त्यांच्या कानात होतं.

विसाल आधी वर गेली, मादाम इन्साफ यांची माफी मागायला. शिलाई मशीनला टेकवून एक टॅबलेट उभा होता. त्यात कुवेतमधलं एक स्वयंपाकघर, पाठमोरी त्यांची लेक भांडी घासतेय, आणि दोन वर्षांचा त्यांचा नातू पातेलं डोक्यावर घालून या टोकाकडून त्या टोकाला धावतोय. कुणीच काही बोलत नव्हतं.

"दिवसभर चालू असतं?" विसालने विचारलं.

"सकाळपासून. बोलत नाही आम्ही. काय बोलायचं रोज? ती तिकडे घासते, मी इकडे शिवते. घरात कुणी आहे असं वाटतं." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तू मघाशी काय केलंस गं? मला वाटलं पडला की काय तो."

विसाल खाली आली ती पासवर्ड न बदलताच. ज्यासाठी ती हा सगळा खटाटोप करत होती, तेच वर मशीनला टेकवून ठेवलेलं होतं. स्वतःच्या बाळाजवळ बसता यावं म्हणून दुसरीचं बाळ विझवायचं?

दुपारी पाव आणायला ती भट्टीवर गेली. पुरुषांची रांग वळून पार कोपऱ्यापलीकडे. बायकांची वेगळी, छोटीशी, सरसर पुढे सरकणारी. एक पुरुष ओरडला, "अरे, आम्ही काय झाडं आहोत का?" आणि भट्टीवाला न बघता म्हणाला, "बाई आली की आधी बाई." विसाल गरम पाव हातात घेऊन तशीच उभी राहिली, मागच्या बाईने ढकलेपर्यंत.

"हाजी," ती धापा टाकत म्हणाली, "फोन बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतात. ते तुकडे आत्ता मॅचच्या मागे उभे राहतात. आपण भट्टीवर असतात तशा दोन रांगा करू. बोलणं बायकांच्या रांगेत. बोलणं आलं की आधी बोलणं, बाकी सगळे थांबतील. क्षणभरच. कुणाचं काही तोडायचं नाही."

हाजींनी जरा विचार केला. "बोलणं बायकांच्याच रांगेत का?"

"तुम्हीच सांगा."

हाजी कितीतरी दिवसांनी हसले. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले.

स्विचमध्ये फोनांची वेगळी वाट करणं तिला जमलं. राउटरमध्ये आधी कोण, मग कोण, हे भरताना मात्र तिने क्रम उलटा भरला. पहिल्या प्रयोगात मॅच अशी पळाली की चहाचं दुकान खूश, आणि फोनमधून फक्त श्वास ऐकू आला. नस्सार म्हणाले, "भूल जास्त झाली." विसालने दात-ओठ खाऊन पुन्हा भरलं. संध्याकाळ होत आली होती. खोकी दाराशी मांडून ठेवलेली होती.

हाजींनी रिसीव्हर उचलला तो मयताला खांदा द्यायला निघाल्यासारखा.

"शौकी..."

"मामा! संध्याकाळ–"

"–संध्याकाळ प्रकाशाची, बेटा, कसा–"

"–देवाची कृपा, तुम्ही कसे, आई–"

"–आम्ही सगळे, तुझी आई कशी–"

"–तुमच्या दुवेने, आणि मुलं–"

"–हात चुंबतात तुझे, अरे तू कुठे होतास, काल काय–"

"–मला वाटलं तुम्हीच रागावलात–"

"–मी? तुझ्यावर? माझ्या डोळ्यांवर?"

एकही टाका सुटला नाही. शब्दावर शब्द चढले, आशीर्वादावर आशीर्वाद, दोघंही एकदम बोलत होते आणि दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. मध्येच लेक फोनवर आली, हसत होती की रडत होती ते कळेना. हाजींनी डोळे पुसून फोन ठेवला आणि मग दचकून म्हणाले, "अरेच्चा, आरशांच्या ऑर्डरीचं विचारायचं राहिलंच."

जिन्यातून मादाम इन्साफ खाली डोकावल्या. विसाल घाईने दाराशी गेली. "तुमचं काही अडलं का, मादाम?"

"अगं, मधेच जरासा थांबला तो. अगदी क्षणभर. पातेलं डोक्यावर, तोंड उघडं." त्या हसल्या. "बरं झालं. एरवी एका जागी राहतो कुठे? तेवढ्यात नीट बघून घेतला मी त्याला."

हाजींनी टेबलावरचा अर्ज घडी करून खिडकीच्या खडखडणाऱ्या तावदानात खोचला. मग विसालच्या टेबलावरचा फोन स्वतः उचलून तिच्या हातात दिला. "जा, पोरी. आणि तो जमिनीवर ठेवू नकोस. त्याच्यासाठी एक छोटंसं स्टूल करायला टाकतो."

सासूबाईंचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्या पलीकडच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलेल्या, आणि विसाल स्वयंपाकघरात, समोर भिजवलेले पावटे, शेजारी फोन. पहिला फोन वाजला तो अलेक्झांड्रियाच्या लाकूडवाल्या अबू शाहीनचा. गृहस्थ सत्तरीचा, आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. त्याने बीचच्या फळ्या कधी निघणार ते सांगितलं, तिने लिहून घेतलं. तेवढ्यात जूदी रांगत आली, विसालच्या झग्याला धरून उभी राहिली, मांडीवर चढली, आणि रिसीव्हर धरलेल्या हातावर गाल टेकून बघता बघता झोपली.

काम संपलं होतं. आता निरोप सुरू झाला होता. अबू शाहीनचे निरोप सगळ्या बाजारात प्रसिद्ध. कचेरीत असती तर विसालने "बरं काका, दार वाजलं" म्हणून केव्हाच सुटका करून घेतली असती. हात हलवता येत नव्हता. हलवायचाही नव्हता.

"–आणि हाजींना सलाम, आणि तुमच्या सासूबाईंना आराम पडो, आणि–" भोंगा अचानक थांबला. "बाई, हे काय ऐकू येतंय? कुणी झोपलंय का तिथं?"

"माझी मुलगी आहे," विसाल कुजबुजली. "हातावर झोपलीय."

तिकडे क्षणभर काहीच आलं नाही. तो उशीर मात्र फोनचा नव्हता.

"मग मी हळू बोलतो," अबू शाहीन म्हणाला, आणि त्या सत्तरीच्या भोंग्याने, एकही आशीर्वाद न गाळता, उरलेला सगळा निरोप कुजबुजत पुरा केला.